कराचीहून आलेला टेलर

अवतार किशन हंगल यांना सगळा देश नट म्हणून ओळखतो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, जिथे मी कापड बेतायला शिकलो, तिथे त्यांची ओळख वेगळी होती. आमचे मास्टर कराचीचे सिंधी. दुकानातल्या टीव्हीवर हंगल दिसले की कात्री खाली न ठेवता म्हणायचे, "ये अपना आदमी है. टेलर है." नटांमध्ये कोण मोठा, कोण छोटा, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. हातात टेप धरलेला माणूस पडद्यावर गेला, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

आणि ते खरंच होतं. हंगलांचा जन्म १९१४ चा, सियालकोटचा. घराणं काश्मिरी पंडितांचं, बालपण पेशावरात. अशा घरातल्या मुलाने शिकावं आणि कुठल्या तरी कचेरीत चिकटावं, ही रीत. पण १९२९ पासूनच हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढला गेलेला. ज्या पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात १९३० साली इंग्रजांनी निदर्शकांवर गोळीबार केला, त्या शहरात वाढणारं पोर ते. सरकारी खुर्चीत कसं बसणार? वडिलांच्या एका मित्राने सुचवलं, टेलरिंग शीक. पंडिताच्या पोराने कात्री धरली. १९३६ मध्ये पेशावरच्या 'श्री संगीतप्रिय मंडळ' या नाटक मंडळीत ते दाखल झाले. म्हणजे नाटक आणि शिलाई दोन्ही एकाच शहरात हाताला लागलं. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब कराचीला आलं. तिथे कम्युनिस्ट पक्षाचं काम, मग फाळणी, मग पाकिस्तानातला तुरुंग. सुटले आणि १९४९ साली मुंबईत आले. पस्तिशी आलेली.

त्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९४९ ला, आमच्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली. त्याआधी ही दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची छावणी होती, दोन हजारांच्या वर बराकी असलेली. कराचीत ६ जानेवारी १९४८ ला दंगल उसळली आणि सिंधी माणूस मिळेल त्या बोटीने निघाला. लाखाच्या आसपास माणसं या बराकींत आली. एका बराकीत अनेक बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. मास्टर तेव्हा पोरसवदा होते. पडद्यापलीकडच्या माणसाचा खोकला ऐकून वय सांगता यायचं, असं ते म्हणायचे.

या कॅम्पात शिवणकाम का रुजलं, याचं उत्तर साधं आहे. दुकान घालायला भांडवल लागतं, शेती करायला जमीन. मशिन भाड्याने मिळतं, आणि ते चालवायला बराकीचा एक कोपरा आणि घरातली एक बाई पुरते. दिवसभर टीप मारायची, संध्याकाळी गठ्ठा बांधून व्यापाऱ्याकडे पोचवायचा, नगावर पैसे घ्यायचे. त्यातून गजानन मार्केट भरलं, जपानी बाजार भरला, आणि पुढे कॅम्प पाचात जीन्सचा धंदा असा फोफावला की वालधुनी नदीचं पाणी रंगाने निळं झालं. पण माझा धंदा त्या आधीचा, मापाच्या कोटाचा. कच्चा टाका घालून गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवायचं, मग उसवायचं, मग पक्कं करायचं.

हंगल उल्हासनगरात राहिले नाहीत, मुंबईत राहिले. मुंबईतही आधी पोट शिवणकामावरच होतं आणि नाटक इप्टात. इप्टा, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, १९४३ ला मुंबईत उभी राहिली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचा डफ ज्या चळवळीत वाजला, तीच ही. तिथे हंगलांना बलराज साहनी आणि कैफी आझमी भेटले. १९४९ ते १९६५ हा माणूस रंगमंचावर उभा राहत होता, आणि सिनेमाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सोळा वर्षं! याच इप्टाने आपल्या पुलंचं 'तुझे आहे तुजपाशी' पुढे हिंदीत 'शतरंज के मोहरे' म्हणून केलं. अंबरनाथला आमच्या हौशी मंडळाने तेच नाटक बसवलं होतं, तेव्हा कपडे अर्थातच माझ्याकडे आणि भूमिकाही म्हाताऱ्याची माझ्याकडेच. दिवसभर टेबलाशी उभं राहून पाय भरून आलेले असतात, नऊच्या पुढे तालीम सुरू होते, आणि तरी माणूस जातो. हंगलांच्या त्या सोळा वर्षांबद्दल पुस्तकांत चार ओळी असतात. मला तीच वर्षं सगळ्यात जास्त कळतात.

टेलरला माणसाचं शरीर कसं दिसतं, ते सांगतो. माप घेताना गिऱ्हाईक श्वास धरतं, पोट आत घेतं, मान ताठ करतं. नवरदेव तर हमखास. आपण टेप सैल धरून दोन गप्पा मारायच्या. श्वास सुटला की खरं माप मिळतं. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो. कारकुनाचा लिहिण्याच्या हाताचा, हमालाचा ओझ्याचा. ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. गुपचूप आतून थोडा कापूस जास्त भरायचा. हंगलांना पडद्यावर पाहताना मी कायम खांदे पाहत आलो आहे. 'बावर्ची'त (१९७२) ते थोरल्या मुलाचं काम करतात, दुर्गा खोट्यांचा नवरा, कचेरीतून येऊन घोटभर पिणारा रामनाथ. त्याचे दोन्ही खांदे पुढे झुकलेले, फाइलींवर वाकून वाकून झुकतात तसे. वर्षभराने 'नमक हराम'मध्ये तेच खांदे मागे गेलेत, मान वर आहे. कामगारांचा जुना पुढारी बिपिनलाल. माझे वडील अंबरनाथला विमकोच्या काडेपेटी कारखान्यात होते. त्यांनी तो सिनेमा पाहून सांगितलं, असा एक पुढारी आमच्या गेटवरही आहे. ज्याला युनियनच्या निवडणुकीत बाहेरून आलेला देखणा पोरगा पाडतो, त्या म्हाताऱ्याचं काम तुरुंग भोगलेल्या कम्युनिस्टाने केलं, हे अंबरनाथच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात खरं काम 'गर्म हवा'मधलं. एम. एस. सथ्यूंचा सिनेमा, कथा इस्मत चुगताईंची, लेखन कैफी आझमी आणि शमा झैदींचं. म्हणजे घरचंच, इप्टाचं कार्य. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झा या बूट बनवणाऱ्या मुसलमान कारखानदाराची ही गोष्ट. ते काम बलराज साहनींचं. एप्रिल १९७३ मध्ये ते गेले आणि सिनेमा त्यांच्या पश्चात लागला. त्यात हंगल आहेत अजमानीसाहेब, सिंधमधून आलेले निर्वासित व्यापारी. स्वतःचं घर गमावून आलेला माणूस, समोर घर गमावत चाललेला माणूस. अजमानी मिर्झांशी जो अदबीने वागतो, त्यात दया नाही आणि उपकारही नाही. हा व्यवहारी गृहस्थ आहे, त्याला नफा कळतो, आणि घर सुटणं म्हणजे काय तेही कळतं. आमच्या मार्केटात असे अजमानी गल्लोगल्ली बसलेले असत. हिंदी सिनेमाने सिंधी माणूस दाखवला तो बहुतेक हसण्यापुरता, 'वडी' म्हणणारा, पैशावर डोळा असणारा. हंगलांनी दाखवला त्याच्याकडे पाहून मास्टर एवढंच म्हणाले, की कराचीच्या हवेत राहिलेला आहे, कळतं.

पडद्यावर ते पहिल्यांदा आले १९६६ मध्ये, बासू भट्टाचार्यांच्या 'तीसरी कसम'मधून. पन्नाशी उलटलेली. त्यामुळे तरुण हंगल पडद्यावर कोणी पाहिलाच नाही, आणि इंडस्ट्रीने त्यांना जे एकदा म्हातारं केलं ते कायमचं. सव्वादोनशेच्या आसपास सिनेमे केले. त्यातल्या निम्म्यांत तरी ते कुणाचे तरी काका, मास्तर किंवा मुलीचे बाप असावेत. 'शोले'तल्या इमामसाहेबांचं "इतना सन्नाटा क्यों है भाई?" हे एक वाक्य शाळकरी पोरंसुद्धा नक्कल करून म्हणतात. आपला सचिन पिळगावकर त्यात त्यांचा मुलगा, अहमद. ते काम चांगलं आहे, नाही कोण म्हणतो? पण त्या एका वाक्याने माणूस झाकून टाकला. 'शौकीन'मध्ये (१९८२) अशोककुमार आणि उत्पल दत्त यांच्या जोडीला हिरवट म्हातारा म्हणून त्यांना मोकळं सोडलं, तेव्हा दिसलं की हा गृहस्थ किती खट्याळ असू शकतो.

१९९३ साली पाकिस्तानी वकिलातीतल्या एका समारंभाला गेले म्हणून शिवसेनेने त्यांच्या सिनेमांवर बहिष्कार टाकला, काम मिळेना. आमचा भाग सेनेचा, दुकानात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. मास्टरांनी त्या वादात तोंड उघडलं नाही. त्यांचंही घर तिकडेच राहिलेलं, आणि गिऱ्हाइकांत सेनेचे शाखाप्रमुखही होते. नंतर कामं पुन्हा सुरू झाली. 'लगान'मध्ये (२००१) ते शंभूकाका होते, २००६ ला पद्मभूषण मिळालं.

२०११ च्या सुरुवातीला बातमी आली की हंगलांच्या औषधपाण्याला पैसे नाहीत. लोकांना धक्का बसला, आमच्या गल्लीत कुणालाच नाही. नगावर काम करणाऱ्याला फंड नसतो, पेन्शन नसते. हात चालले तोवर पैसे. चरित्र नटही नगावरच असतो. इंडस्ट्रीतल्या माणसांनी मदत केली. त्याच फेब्रुवारीत फॅशन डिझायनर रियाझ गंजी यांच्या शोमध्ये हंगल व्हीलचेअरवर बसून रॅम्पवर आले. वय ९७. आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगावर माप लावलेला माणूस, आणि आता नव्या जमान्याच्या टेलरचे कपडे घालून दिव्यांत. पुढच्या वर्षी 'मधुबाला' मालिकेत ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर दिसले. ऑगस्टमध्ये घरात पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि २६ ऑगस्ट २०१२ ला गेले.