नौका कोठे आहे?

धर्माबाद तालुक्यातून पुढे जाणारी गोदावरी तेलंगण ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ कोरिंगा नावाचे भरभराटीचे बंदर होते. १७८९ आणि १८३९ या दोन्ही वर्षी वादळात उसळलेल्या समुद्राने ते बुडवले. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला समुद्री वादळ परके वाटते खरे. पण 'सायक्लोन' हा शब्द जन्मला तो आपल्याच नदीला पोटात घेणाऱ्या या उपसागराच्या अभ्यासातून.

हेन्री पिडिंग्टन हा मूळचा जहाजाचा कप्तान, पुढे कलकत्त्यात स्थायिक झालेला. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याने चिकाटीने जमवल्या. कोणत्या तासाला, कोणत्या ठिकाणी, वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे नकाशावर मांडताच दिसले की वारा सरळ धावत नाही, एका केंद्राभोवती फिरतो. वर्तुळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने 'सायक्लोन' हे नाव बनवले. १८४८ साली खलाशांसाठी त्याने जे पुस्तक काढले, त्यासोबत शिंगाचे पातळ पारदर्शक पत्रे दिले होते. त्यांवर वाऱ्यांची वर्तुळे कोरलेली. पत्रा नकाशावर ठेवून सरकवायचा आणि वादळाचे केंद्र आपल्यापासून कोणीकडे आहे हे ओळखायचे.

वर्गात हे बटरपेपरवर सहज करता येते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास केंद्र उजव्या हाताला, किंचित पाठीमागे असते. विद्यार्थ्यांनी पाठ करण्यापेक्षा वर्तुळावर बाण काढून हे स्वतः पडताळावे. शिडाच्या जहाजावरील कप्तानाजवळ याहून मोठे शस्त्र नव्हते. मात्र हे शस्त्र तयार झाले ते शेकडो कप्तानांच्या नोंदी एका माणसाच्या टेबलावर आल्यामुळे, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता दुसरे भय, लुटारूंचे. येथेही तलवारीआधी कागद येतो. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीने देत. तो जवळ नसलेले जहाज ते सरळ जप्त करीत. अठराव्या शतकाच्या आरंभी कुलाबा आणि विजयदुर्ग हाताशी असलेल्या कान्होजी आंग्र्यांनी तोच न्याय उलटवला : या किनाऱ्यावरून जायचे तर आमचे दस्तक घ्या. इंग्रजांनी ते नाकारले आणि कान्होजींना चाचा ठरवले. चाचेगिरी आणि जकात यांमधली रेघ कागद कोणाचा यावर ठरत होती, असेच म्हणावे लागते. पण हे गलबत कोणाचे, कोठून निघाले, कोठे चालले, हे किनाऱ्याला ठाऊक असण्यात गलबताचीही सुरक्षितता होती.

ते ठाऊक नसले की काय होते, याचे दारुण उदाहरण कोकणात आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यातल्या लाटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ असूनही तेथे बातमी पोचली ती वाचलेले लोक किनाऱ्याला लागल्यावर, दुपारी. जे बरेचसे जीव वाचले ते रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांवर ओढून घेतले म्हणून. वास्तविक, पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात घालायच्या, हा कोळ्यांचा जुना शिरस्ता.

शिरस्ता पावसाळ्यापुरता आहे. वादळे त्यानंतरही येतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले. हवामानखात्याचा इशारा होता, पण आधीच दूर गेलेल्या नौकांपर्यंत तो नेणार कोण? कोकणातील काही मच्छीमार परतलेच नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, अतिरेक्यांनी 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावली, तिच्यातूनच ते मुंबईजवळ आले आणि तिच्या तांडेलाला ठार केले. इतर मासेमारी नौकांच्या गर्दीत ती कोणाला वेगळी दिसली नाही. यानंतर राज्यवार नौकांचे रंग ठरले, मच्छीमारांना ओळखपत्रे आली.

वादळ आणि दरोडा यांवरचे उपाय अखेर एकाच पेटीत एकत्र आले. इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपॉन्डर उपग्रहामार्फत नौकेचे स्थान किनाऱ्याला कळवतो, खलाशाची मदतीची हाक पोचवतो आणि वादळाचा इशारा नौकेवर आणतो. असे एक लाख संच बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. योजना यांत्रिक व मोटार बसवलेल्या नौकांसाठी आहे. वल्ह्याच्या आणि शिडाच्या होड्या तिच्यात येत नाहीत.