ॲल्युमिनियमला 'आळशी' गॅसच का लागतो?

आता बऱ्याच जणांनी घरीच वेल्डिंग मशीन घेतलंय. पाचोडमध्ये मला नेहमी विचारतात, लोखंडी फाटकाला वापरतो तोच कार्बन डायऑक्साइड ॲल्युमिनियमला, म्हणजे आपल्या 'जर्मन'ला, चालेल का? नाही चालत. त्यातला ऑक्सिजन तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढवतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तो थर २००० च्या पुढं. जोड कच्चा राहतो आणि महागाचा भाग भंगारात जातो.

यावरचा इलाज सापडला १८९४ साली, तोही वेल्डिंगसाठी नव्हे. रॅले आणि रॅमसे यांनी हवेतून आरगॉन वेगळा काढला. हा कशाशीच संयोग करीना, म्हणून ग्रीक भाषेतलं 'आळशी' हे नाव त्याला मिळालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विमानाचे हलके धातू जोडायला मेरेडिथनं हेलियमचा आडोसा वापरला. पुढं आरगॉन रुळला. हवेत तो जवळपास एक टक्का आहेच.

तेव्हा सिलिंडर शुद्ध आरगॉनचाच घ्या, मिक्स गॅस नको. टिग मशीन असेल तर एसीवर ठेवा. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, वास नाही. बंद खोलीत साचला तर जीव गुदमरतो. दार उघडं ठेवूनच काम करा.