काळ्या बीअरची कुळकथा

गेल्या वर्षीं कांहीं जुने कागद चाळण्याच्या निमित्तानें लंडनला जाण्याचा योग आला असतां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें एके सायंकाळीं मला बर्मंड्झी भागांतील आपल्या बिऱ्हाडीं बोलाविलें. त्या भागांत रेल्वेच्या पुलाखालच्या विटांच्या कमानींतून हल्लीं बीअरच्या लहान लहान भट्ट्या चालतात, आणि या गृहस्थास काळ्या बीअरचा विशेष शोक. त्यानें टेबलावर तीन पेले मांडले. पहिल्यांत चिझिक येथील फुलरची ‘लंडन पोर्टर’. दुसऱ्यांत शेजारच्याच कर्नल या भट्टीची, आपल्या नांवांतच १८९० हें साल मिरविणारी ‘एक्सपोर्ट स्टाउट’. आणि तिसऱ्यांत डब्यांतून ओतलेली सर्वपरिचित आयरिश गिनेस. जे वाचक मद्यास शिवत नाहींत त्यांनीं पुढील मजकूर केवळ इतिहास म्हणून वाचावा. मद्याची शिफारस करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं.

“सर, पोर्टर आणि स्टाउट यांत भेद काय, तो आज तुम्हीच ठरवा,” असें म्हणून त्यानें प्रथम मला पोर्टरची जन्मकथा ऐकविली. अठराव्या शतकाच्या आरंभीं लंडनचें गिऱ्हाईक तीन पिंपांतील तीन तऱ्हेची बीअर एकाच पेल्यांत मिसळून मागे, व त्या मिश्रणास ‘थ्री थ्रेड्स’ म्हणत. दर पेल्यामागें तीन तोट्या फिरवितां फिरवितां गुत्तेवाले त्रासून गेले. तेव्हां १७२२ सालीं शोरडिच येथील राल्फ हारवुड नामक भट्टीवाल्यानें तिन्ही चवी एकाच पिंपांत उतरविल्या. ती बीअर हमालांना, म्हणजे ‘पोर्टर’ लोकांना, फार आवडली, म्हणून तिचें नांव पोर्टर पडलें.

कथा सुटसुटीत आहे. शंका येते ती नेमकी येथेंच. पोर्टर हें नांव १७२१ सालच्या छापील लेखांत आढळतें. म्हणजे बारशाच्या आधींच नांव रूढ झालेलें! १७६० सालीं ‘लंडन क्रॉनिकल’ पत्रांत ओबादाया पाउंडेज या टोपणनांवाखालीं एक पत्र आलें. भट्टींतील जुना कारकून म्हणविणारा हा लेखक बीअरचे कर, भाव आणि फेरबदल तपशीलवार सांगतो. पण हारवुडचा उल्लेखहि करीत नाहीं. हारवुडची संपूर्ण कथा अवतरते ती १८०२ सालच्या, जॉन फेल्थमच्या लंडनविषयक मार्गदर्शक पुस्तकांत. घटना आणि तिची कथा यांमध्यें ऐशीं वर्षें! आपल्याकडील बखरींची छाननी करतांना आपण एवढें अंतर सहसा खपवून घेत नाहीं.

‘थ्री थ्रेड्स’चा उलगडाहि अलीकडील संशोधकांनीं निराळा केला आहे. त्या काळीं बीअरवर कराचे दोनच दर होते, एक कडक बीअरचा व दुसरा हलक्या बीअरचा. म्हणून अतिशय कडक बीअर काढून घ्यावी, तींत हलकी मिसळावी, आणि सरकारचा कर चुकवून मधला नफा गांठीं बांधावा, असा तो व्यवहार असावा. पोर्टरचें बीज त्यांत नव्हे, तर काळाच्या उपयोगांत आहे. लंडनची जुनी तपकिरी बीअर जास्त हॉप घालून करावी, आणि ती लगेच न विकतां भट्टीनेंच महिनोन् महिने मुरवून मग गुत्त्यांत पाठवावी, हा तो शोध. तो कोणा एकाचा नव्हता.

मुरविण्यास मात्र भांडवल लागतें. त्यामुळें लहान भट्ट्या मागें पडल्या आणि व्हिटब्रेडसारखे धनाढ्य पुढें आले. त्याची चिझवेल स्ट्रीटवरील पोर्टरची भट्टी १७५० ची. साउथवर्कमधील थ्रेलची भट्टी १७८१ सालीं १,३५,००० पौंडांस विकली गेली, आणि त्या व्यवहारांत मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून प्रत्यक्ष डॉक्टर जॉन्सन धांवपळ करीत होते. कोशकाराच्या आयुष्यांतील हा प्रसंग मला नेहमींच मौजेचा वाटत आला आहे. पेयास नांव दिलें टेम्स नदीवरील गलबतें रिकामीं करणाऱ्या आणि रस्त्यांतून ओझीं वाहणाऱ्या हमालांनीं. पैसा गेला तो अशा घरांत. कंपनीच्या गलबतांतून ही पोर्टर हिंदुस्थानांतहि येई, आणि गोऱ्या पलटणींतील साधे शिपाई ती पीत.

मुरविण्याचीं पिंपें पुढें इतकीं वाढलीं कीं त्यांस हौद म्हणणेंच योग्य. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या नाक्यावरील म्यू यांच्या भट्टींत असा एक लांकडी हौद बावीस फूट उंच होता, आणि त्यांत साडेतीन हजारांहून अधिक बॅरल पोर्टर मुरत होती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं दुपारीं त्याचा एक लोखंडी पट्टा निसटला. कोठाराच्या कारकुनानें तें वर कळविलें. यापासून कांहीं अपाय होणार नाहीं, असें त्यास सांगण्यांत आलें. दुरुस्तीसाठीं लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातांत असतांनाच, सुमारें एका तासानें, हौद फुटला. त्या लोंढ्यानें मागची भिंत पाडली आणि तो न्यू स्ट्रीट या गल्लींतील गरिबांच्या घरांत व तळघरांत शिरला. एका तळघरांत एक आयरिश कुटुंब दोन वर्षांच्या मृत बालकापाशीं जागत बसलें होतें. तेथें पांच जण गेले, त्यांत त्या बालकाची आईहि होती. एकूण आठ मृत्यु, सर्व स्त्रिया आणि मुलें.

चौकशींत हा दैवी अपघात ठरला. बुडालेल्या बीअरवर भरलेला कर पार्लमेंटनें मालकांस माफ केला, तो सुमारें सव्वासात हजार पौंड. मृतांच्या नातलगांसाठीं लोकांनीं वर्गणी जमविली. आणि पुढें कथा कोणती रूढ झाली? तर, गल्लींतील लोक भांडीं घेऊन धांवले, रस्त्यांत वाहणारी बीअर मनसोक्त प्याले आणि झिंगून पडले! त्या वेळच्या वृत्तपत्रांत असल्या झुंबडीचा मागमूस नाहीं. उलट ढिगाऱ्याखालून येणारे आवाज ऐकूं यावेत म्हणून लोक शांत राहिले, असें वर्णन मिळतें. हारवुडची कथा निरुपद्रवी म्हणून सोडून देतां येईल. ही दुसरी मला क्षम्य वाटत नाहीं. विद्यार्थ्यासहि ती ठाऊक होती, आणि ती त्यानें हसत हसतच सांगितली होती. मीं कागदांवरील हकीकत सांगितल्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

रंगाची हकीकत थोडक्यांत सांगतों. मूळची पोर्टर लांकडाच्या आंचेवर वाळविलेल्या तपकिरी माल्टची असे. १७८४ सालीं जॉन रिचर्डसन यानें द्रवाची घनता मोजण्याच्या नळीवरून कोणत्या माल्टांतून किती सत्त्व उतरतें याचा हिशेब प्रसिद्ध केला, आणि तपकिरी माल्ट महाग पडतो हें उघड झालें. भट्टीवाले फिक्या माल्टकडे वळले, पण रंग आणावा कोठून? जळक्या साखरेसारख्या युक्त्या १८१६ च्या कायद्यानें बंद झाल्या. पुढच्याच वर्षीं डॅनियल व्हीलर यानें कॉफीच्या बियांप्रमाणें माल्ट काळाकुट्ट भाजण्याचें पेटंट घेतलें. चिमूटभर काळा माल्ट टाकिला कीं काम भागूं लागलें. आज आपण जिला काळ्या बीअरची अस्सल चव समजतों, ती या काटकसरीची संतति आहे.

आतां ते तीन पेले. गिनेस दिसण्यांत सर्वांत भारदस्त, चाखतां तिघींत सर्वांत हलकी. आणि तिचा तो सायीसारखा फेस नायट्रोजन वायूचा, १९५९ साली एका गणितज्ञाच्या देखरेखीखालीं साधलेला. कर्नलची स्टाउट दाट, कोरडी, कडवट, कोऱ्या कॉफीसारखी जिभेवर रेंगाळणारी. तिचा जोरहि मोठा. फुलरच्या पोर्टरमध्यें तपकिरी माल्ट अजून आहे. तिच्यांत कोकोचा मृदुपणा आणि मागाहून खरपूस भाकरीच्या पापुद्र्याची आठवण येते. मला तीच अधिक रुचली. पण १७६० चा हमाल जी प्याला ती यांपैकीं एकहि नव्हे. जुन्या पिंपांतील बीअरला मुरतां मुरतां एक आंबूस, जुन्या चामड्यासारखी छटा येई. ती आणणारें किण्व १९०४ सालीं क्लाउसेन या डॅनिश शास्त्रज्ञानें इंग्रजी बीअरमध्यें ओळखलें आणि त्यास ब्रेटानोमायसीस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असें नांव दिलें. ती छटा मला तिन्ही पेल्यांत सांपडली नाहीं.

राहिला भेदाचा प्रश्न. ‘स्टाउट’ याचा अर्थ मुळांत केवळ जोरकस. अठराव्या शतकांत फिकी स्टाउटसुद्धां होती. जोरकस पोर्टर ती ‘स्टाउट पोर्टर’, आणि पुढें विशेष्य गळून विशेषणच नांव झालें. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लंडनांतून पोर्टर नाहींशी झाली, आणि १९७० नंतर लहान भट्ट्यांनीं तिला पुन्हां आणलें, तेव्हां जो तो आपल्या मर्जीप्रमाणें भेद सांगूं लागला. मीं विद्यार्थ्यास इतकेंच सांगितलें कीं, भेद आहे तो बाटलीवरील चिठ्ठीचा.

दुसऱ्या दिवशीं तो मला टॉटनहॅम कोर्ट रोडला घेऊन गेला. म्यू यांची भट्टी १९२२ सालीं पाडण्यांत आली. आतां त्या जागीं डोमिनियन हें नाटकगृह आहे. दुपारच्या खेळाची वेळ होत आली होती, आणि दाराशीं मुलांना घेऊन आलेल्या बायकांची मोठी रांग उभी होती.