वर्गांत विचारलेला प्रश्न

परदेशीं शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यांच्या हकीकतींत तेथील थंडी, खाणेंपिणें आणि पैशाची ओढाताण यांचें वर्णन पुष्कळ येतें. वर्गांत काय पालटलें, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. आज तेवढीच गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रावरून पाहावयाची आहे. आमच्या खानदेशानें त्यांना १९३७ सालीं धुळ्यास न्यायालयीन कामासाठीं आलेले बॅरिस्टर म्हणून पाहिलें. त्या बॅरिस्टरामागचा विद्यार्थी कसा घडला?

साताऱ्यास लहानपणीं त्यांना वर्गाच्या कोपऱ्यांत, घरून आणलेल्या तरटावर वेगळें बसावें लागे. शिपाई हजर असला तरच पाणी मिळे. पुढें मुंबईस संस्कृत शिकण्याची इच्छा असतां तें त्यांना नाकारण्यांत आलें, म्हणून फारसी घ्यावी लागली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडनच्या नमुन्यावर, मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून निघालेलें. नेमलेलीं पुस्तकें वाचावीं, व्याख्यानें उतरून घ्यावीं आणि परीक्षेस बसावें, हाच क्रम. या शिस्तींतून बी. ए. होऊन, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ च्या जुलैंत न्यूयॉर्कला पोहोंचले.

कोलंबिया विद्यापीठांत विद्यार्थ्यानें आपला अभ्यासक्रम पुष्कळसा आपणच जुळवावयाचा. आंबेडकरांनीं अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ वर्ग घेतले. जॉन ड्यूई हे तत्त्ववेत्ते तेथें शिकवीत. त्यांचें बोलणें ओघवतें नव्हतें. ते वर्गांतच थांबत थांबत विचार करीत आणि तो विचार शिष्यांपुढें घडत जाई. त्यांच्या लकबींची हुबेहूब नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरहि आनंदानें करीत, असें सविताबाईंनीं सांगितलें आहे.

याखेरीज तेथें चर्चावर्गाची पद्धत होती. विद्यार्थ्यानें निबंध वाचावा, इतरांनीं शंका काढाव्या, प्राध्यापकांनीं तपासावें. गोल्डनवायझर यांच्या अशाच वर्गांत ९ मे १९१६ रोजीं आंबेडकरांनीं हिंदुस्थानांतील जातींवर निबंध वाचला. जातीच्या आंतच विवाह करण्याचा निर्बंध हें जातिसंस्थेचें मर्म, असें त्यांनीं मांडलें. तरटावर बसविलेल्या मुलानें, आपणांस तेथें कां बसविलें, या प्रश्नाचा शास्त्रीय शोध भरवर्गांत सुरू केला, आणि वर्गानें तो ऐकून घेतला!

त्याच वर्षीं ते लंडनला गेले. तेथें पद्धत पुन्हां निराळी. अर्थशास्त्राच्या विद्यालयांत मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं प्रबंध लिहावयाचा. ग्रेज इनमध्यें बॅरिस्टरीसाठीं परीक्षा तर द्यावयाचीच, पण ठराविक वेळां तेथील भोजनांसहि हजर राहावयाचें! शिष्यवृत्ती संपल्यामुळें १९१७ सालीं परतावें लागलें. मुंबईस प्राध्यापकी करून, पैसा जमवून आणि शाहू महाराजांचें साहाय्य घेऊन १९२० सालीं ते पुन्हां गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना गुरु एडविन कॅनन यांची. या पुस्तकांतील बरीचशी टीका आपणांस मान्य नाहीं, असें गुरूनें त्या प्रस्तावनेंतच लिहिलें, आणि तरीहि विवेचनाच्या ताजेपणाचें कौतुक केलें. शिष्याचें मत न पटतां त्याची पाठ थोपटणारा असा गुरु आपल्याकडे किती जणांस लाभला असेल?

गिरणाकाठच्या भडगांवीं मीं आयुष्यभर मुलें शिकविलीं. मध्येंच प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मीं अनेकदां "आधीं धडा संपूं दे" म्हणून खालीं बसविलें. धडा संपे, घंटा होई आणि प्रश्न राहून जाई. १९४६ सालीं बाबासाहेबांनीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय काढलें, हें वाचतांना मला नेहमीं तीं खालीं बसविलेलीं मुलें आठवतात. त्यांचीं नांवें मला आठवतात. त्यांचे प्रश्न मात्र मीं ऐकूनच घेतले नव्हते.