गोड्या पाण्यातल्या कोळंबीचं खारं बालपण

आजचा इतिहास राजाचा नाही, कोळंबीचा आहे. मेनूकार्डावर जिला 'जंबो' म्हणतात, ती नदीतली निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी. राहते गोड्या पाण्यात, म्हणजे तिची शेती सोपी, असं वाटेल. पण १९६० पर्यंत टाकीत तिचं बीज तयार करणं कुणाला जमलेलं नव्हतं.

मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग नावाचे शास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी यावर काम करत होते. अंड्यांतून पिल्लं निघायची आणि थोड्याच दिवसांत मरायची. सांगतात की शेवटी वैतागून लिंगनी पाण्यात सोया सॉस टाकला आणि पिल्लं तरतरीत झाली! गोष्टीत थोडा मसाला असेलही, पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लागलेला शोध पक्का आहे: पिल्लांना मीठ लागतं.

किती? लिटरला साधारण १२ ग्रॅम. समुद्रात असतं सुमारे ३५. म्हणजे एक भाग समुद्राचं पाणी, दोन भाग गोडं. आपल्या कोकणातल्या खाडीसारखं मचूळ. निसर्गात मादी अंडी घेऊन नदीतून खाली खाडीकडे येते. पिल्लं उलटी, शेपटी पुढे करून पोहतात, अकरा अवस्थांतून जातात आणि महिनाभराने छोटी कोळंबी होऊन परत वर नदीत निघतात. १९६५ मध्ये ताकुजी फुजिमुरा यांनी मलेशियातून कोळंबी हवाईला नेली, आणि १९७२ पर्यंत तिथे हॅचरीचं मोठ्या प्रमाणावरचं तंत्र बसलं.

पण नदीत हीच वाट अडवली की काय होतं? केरळात कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कमचा बंधारा झाला. भात वाचला, कोळंबीची वाट तुटली.

लकडी पुलावरून मी मुठा बघतो तेव्हा हाच हिशेब मनात येतो. हे पाणी भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं; वाटेत उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. म्हणजे इथल्या शेततळ्यात कोळंबी सोडली, तरी तिची पिल्लं तिथे जगणार नाहीत. बीज दरवेळी हॅचरीतूनच आणावं लागतं. समुद्रापासून लांबच्या हॅचरीवाले त्यासाठी मिठागरातलं दाट खारं पाणी टँकरने आणून पातळ करतात. तुमच्या घरी कुणी शेततळ्याचा विचार करत असेल, तर बीजाचा खर्च आधी विचारा, तळ्याचा नंतर.