नळी एकाची, घोडा दुसऱ्याचा

बुलडाणा जिल्ह्यातील जलंब स्थानकापासून खामगावला जाणारा लोहमार्ग अवघा १३ किलोमीटरांचा आहे. तो १८७० साली सुरू झाला, मुख्यतः कापसासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला होता. खामगाव ही त्या व्यापाराची मोठी पेठ. या फाट्याच्या रुळांमधील अंतर मुंबईच्या मुख्य मार्गाइतकेच, म्हणजे १६७६ मिलिमीटर ठेवले गेले. त्यामुळे खामगावात भरलेला डबा जलंबला रिकामा न करता थेट पुढे नेता येई. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरला मात्र यवतमाळ व अचलपूरकडून येणाऱ्या गाड्या ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर धावत. तेथे पुढे जाणारा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे.

मापे जुळणे किंवा न जुळणे याला किती किंमत असते ते यावरून दिसते. हाच प्रश्न यंत्राच्या आतही असतो. एका यंत्राचा भाग काढून दुसऱ्यात जसाच्या तसा बसावा, ही आज आपण गृहीत धरलेली सोय कारखान्यांत रुजून जेमतेम दोनशे वर्षे झाली आहेत. आणि तिचा पाठपुरावा झाला तो प्रामुख्याने बंदुकांच्या कारखान्यांत.

पूर्वी बंदूक हाताने घडवली जाई. एक कारागीर नळी करी, दुसरा चाप आणि घोडा, तिसरा लाकडी दस्ता. शेवटी कानशीने घासूनघासून हे भाग एकमेकांत बसवले जात. त्यामुळे प्रत्येक बंदूक उत्तम असली, तरी ती फक्त स्वतःपुरती उत्तम असे. एकीचा घोडा मोडला तर दुसरीचा तिला चालत नसे. पुन्हा कारागिराकडेच जावे लागे.

फ्रान्समधील ओनोरे ब्लाँ या कारागिराने यावर उपाय शोधला. १७८५ साली त्याने थॉमस जेफरसन यांच्यासमोर ५० बंदुकांच्या कळांचे सुटे भाग मांडले. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून काही कळा जोडल्या, आणि त्या जुळल्या. फ्रान्समधील इतर बंदूककारागिरांचा मात्र या पद्धतीला विरोध होता. त्यांची भीती निराधार नव्हती, कारण जुळणी करणाऱ्या हातांचे कसब यापुढे लागणार नव्हते.

अनेक पुस्तकांत याचे श्रेय एली व्हिटनी यांना दिलेले आढळते. सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट १७९४ साली मिळवणारे हेच ते व्हिटनी. त्यांनी १७९८ मध्ये अमेरिकन सरकारला दोन वर्षांत १०,००० बंदुका देण्याचा करार केला. प्रत्यक्षात शेवटच्या बंदुका पोचल्या १८०९ साली, आणि आज शिल्लक असलेल्या त्यांच्या बंदुकांचे भाग एकमेकांत नीट बदलता येत नाहीत. कल्पना असणे आणि ती लोखंडात उतरवणे यांत हे अंतर होते.

सिमियन नॉर्थ यांनी १८१३ साली २०,००० पिस्तुलांचा करार केला. त्यांपैकी कोणत्याही पिस्तुलाचा भाग कोणत्याही दुसऱ्या पिस्तुलाला बसला पाहिजे, अशी अट त्यात लिहिलेली होती. पुढे हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल यांनी आपल्या रायफलींसाठी ते साध्य करून दाखवले. १८२६ मध्ये सरकारी समितीने त्यांची तपासणी केली. हॉल यांच्या यशामागे दोन गोष्टी होत्या : कापणारी यंत्रे आणि गेजांचा मोठा संच. भाग शेजारच्या भागाशी ताडून पाहायचा नाही, ठरलेल्या गेजशी ताडायचा. दोन अनोळखी भाग एकमेकांत बसतात ते दोघांचीही ओळख एकाच गेजशी असते म्हणून.

याचे आजचे सोपे उदाहरण म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारी एअरसॉफ्ट पिस्तुले. (डोळ्यांना इजा होऊ शकते, म्हणून खेळतानाही चष्मा अनिवार्य.) गोळीचा व्यास साधारण ५.९५ मिलिमीटर असतो आणि नेहमीच्या नळीचा आतला व्यास ६.०८ च्या आसपास. हौशी लोक ६.०३ ची नळी बसवतात. फट कमी झाली की हवा कमी निसटते. पण धूळ किंवा किंचित मोठी गोळी आली तर ती अडकते. शिवाय आतला व्यास जुळून भागत नाही. नळीची लांबी, बाहेरचा व्यास आणि मागच्या टोकाची खाच हेही जुळावे लागते. या खाचेतून डोकावणारा रबरी उंचवटा गोळीला उलटी फिरकी देतो. अनेक कंपन्यांनी तोक्यो मारुई या जपानी कंपनीची मापे उचलली, म्हणून त्यांचे बरेच भाग एकमेकांत बसतात. तरीही खरेदीपूर्वी मापून पाहणे शहाणपणाचे.

खामगाव परिसरातील जिनिंग कारखान्यांनाही हेच लागू आहे. आपल्याकडे व्हिटनींच्या करवती यंत्रापेक्षा रोलर जिन अधिक रुजले. त्याचा चामडी रोलर पात्याशी घासून झिजतो आणि बदलावा लागतो. ऐन हंगामात नवा रोलर बसला नाही, तर कापसाच्या गाड्या दारात खोळंबतात. कामगार बोल्ट अजूनही सुतांत मागतात. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणून चार सुती बोल्ट होतो १२.७ मिलिमीटरचा. त्यावर १२ मिलिमीटरचा नट चढत नाही. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी दोन्ही मापे एकाच डब्यात नांदत आहेत.

आम्ही सुचवतो तो प्रयोग तासाभराचा आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या कंपन्यांची बॉलपेने आणायला सांगावीत. रिफिली एकत्र मिसळून कोणती कोणत्या नळीत बसते याचा तक्ता करावा. मग जाड पुठ्ठ्यात दोन खाचा कापाव्यात : एकीत योग्य रिफिल गेली पाहिजे, दुसरीत जाता कामा नये. चूक शून्य कधीच नसते. ती किती चालेल हे आधी ठरवायचे असते, हे या दोन खाचा शिकवतात. खाचा किती रुंद ठेवायच्या यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.