झळाळीआडची दीर्घिका

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या ठिपक्याची, म्हणजे क्वेसारची, ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला सरकण्याचे माप) ०.१५८ असल्याचे दाखवले, आणि तो जवळपास २ अब्ज प्रकाशवर्षे दूर असल्याचे ठरले. इतक्या लांबून दिसणारे तेज पुरवायला महाकाय कृष्णविवर हवे. पण ते ज्या दीर्घिकेच्या पोटात असायचे, ती दिसेना. ताम्रसृती म्हणजे अंतरच कशावरून, असे हाल्टन आर्प, फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर विचारत होते. माझ्या मते तो प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर देणे भाग होते. ते १९८२ साली पालोमार वेधशाळेतून आले: ३सी ४८ या क्वेसारभोवतीच्या पुसट धुक्याच्या वर्णपटात ताऱ्यांच्या शोषणरेषा सापडल्या, त्याही क्वेसारच्याच ताम्रसृतीला. धुके म्हणजे ताऱ्यांची वस्ती होती.

तरीही यजमान दीर्घिका फिकी ठरवण्याची घाई पुन्हा झाली, आणि तिचे मूळ वजाबाकीत आहे. एखाद्या साध्या ताऱ्याच्या प्रतिमेवरून दुर्बिणीत प्रकाश किती पसरतो ते पाहायचे, ती प्रतिमा क्वेसारच्या गाभ्याइतकी उजळ करायची आणि वजा करायची. हात जरा जड पडला की दीर्घिकाच पुसली जाते. हलका पडला तर नसलेलीही उमटते. हबल दुर्बिणीच्या सुरुवातीच्या प्रतिमांवरून जॉन बाकॉल यांच्या गटाला काही क्वेसार उघडे, दीर्घिकेविना वाटले होते. १९९७ साली त्याच गटाने २० क्वेसार तपासले, तेव्हा १८ भोवती दीर्घिका मिळाल्या आणि उरलेल्या दोहोंभोवती मंद धूसरपणा. म्हणून, झळाळीचा हिशेब चोख झाल्याशिवाय दीर्घिकेला फिकी म्हणू नये.

यावर आक्षेप येतो की काही दीर्घिका खरोखरच कृष्णविवराच्या मानाने खुज्या असतात. वेब दुर्बिणीला आरंभीच्या विश्वात तशा दिसल्याही. मात्र लांबून तेजस्वी, म्हणजे वजनदार कृष्णविवरेच आधी नजरेत भरतात, हे विसरता येत नाही. आक्षेपाला खरे बळ देते ती एम६०-यूसीडी१ ही चिमुकली दीर्घिका. तिथे क्वेसारची झळाळी नाही, वजन ताऱ्यांच्या वेगांवरून काढलेले आहे. २०१४ साली अनिल सेठ आणि सहकाऱ्यांना या सुमारे ३०० प्रकाशवर्षे रुंदीच्या दीर्घिकेत २.१ कोटी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर सापडले, तिच्या एकूण वस्तुमानाच्या १५ टक्के. पण तीही जन्मतः खुजी नसावी: शेजारच्या बलाढ्य एम६० दीर्घिकेने तिचे बाहेरचे तारे ओरबाडून नेले आणि फक्त गाभा मागे राहिला, हाच अर्थ संशोधकांना सर्वांत पटणारा वाटतो.